मेजर, बसा ना

माजी सैनिक वकिलाच्या टेबलासमोर पटकन बसत नाही. खुर्ची पुढे सरकवली तरी तो उभाच राहतो; पाय जुळलेले, मुठी पँटच्या शिवणीला टेकलेल्या, नजर समोर. "मेजर, बसा ना," असं दोनदा म्हणावं लागतं. आमच्या भागात फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात, मग तो शिपाई म्हणून घरी आलेला असो की हवालदार म्हणून. बसला तरी आपलं काम तो आधी सांगत नाही. नंबर सांगतो, मग हुद्दा, मग नाव, मग पलटण. एवढं झालं की गप्प होतो, आणि मी विचारीपर्यंत गप्पच राहतो.

बुलढाण्याच्या कोर्टात माझं रोजचं काम वाटणीच्या दाव्यांचं, बांधाच्या भांडणांचं, पोटगीचं. त्यात मधूनच एखादी फौजेची फाईल येते आणि मग कितीतरी दिवस डोक्यातून जात नाही. शेतकरी अशिल पहिल्या वाक्यापासून भांडत येतो. तलाठ्यावर, भावावर, विमा कंपनीवर त्याचा राग ओसंडत असतो आणि त्या रागातूनच मला खटल्याचे मुद्दे सापडतात. सैनिकाकडून असं काही हाती लागत नाही. त्याला तक्रार करता येत नाही. फौजेत गाऱ्हाणं मांडायचं ते एकट्याने, वरिष्ठांमार्फत, ठरलेल्या पायरीने. चौघांनी मिळून मांडलं तर तो शिस्तभंग. ही सवय पंधरा-वीस वर्षं अंगात मुरते. ज्या शिस्तीने तो चांगला सैनिक झाला, तीच शिस्त त्याला कच्चा अर्जदार करून घरी पाठवते. सैनिकांच्या हक्कांबद्दल बोलताना लोक नियमांविषयी, दिरंगाईविषयी बोलतात, आणि ते खरंही आहे. पण माझ्या मते पहिलं दुखणं हे आहे. मागायचं कसं हे त्याला कोणी सांगितलेलं नाही, आणि मागण्यात त्याला कमीपणा वाटतो.

नांदुऱ्याकडचे एक निवृत्त हवालदार मला आठवतात. तोफखान्यात चोवीस वर्षं काढलेली. फौज सोडताना डॉक्टरांच्या मंडळाने त्यांना रक्तदाबाचा विकार असल्याचं लिहिलं, अपंगत्व ३० टक्के, आयुष्यभरासाठी. त्याबद्दलची पेन्शन मात्र नाकारली. नकाराचं पत्र त्यांनी काळ्या ट्रंकेत ठेवून दिलं आणि नऊ वर्षं कापूस-सोयाबीन करत राहिले. पत्राच्या तळाशी, सहा महिन्यांच्या आत अपील करता येईल, अशी ओळ होती. ती तुम्ही वाचली नव्हती का, असं मी विचारलं.

"वाचली होती ना मॅडम. पन हुकूम तं आला होता, नाई म्हनून. मंग काय करता?"

नकाराला त्यांनी हुकूम मानलं होतं. वरून आलेला कागद हा त्यांच्या लेखी प्रश्नच नव्हता, ते उत्तर होतं. मी अपिलाची गोष्ट काढली तेव्हा ते जरा ताठरले. "मले भीक नाई पाहिजे. कायद्यात असन तं द्या, नाई तं राहू द्या."

कायद्यात होतं. डी. एस. नाकारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी स्वच्छ सांगून ठेवलं आहे की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेतून मिळवलेला तो हक्क आहे. त्या पीठाच्या अध्यक्षस्थानी आपले यशवंत विष्णू चंद्रचूड होते. देशभर १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळतात तो त्या निकालामुळेच. फौजेची फाईल उघडण्याआधी मी हा निकाल सांगते. काही जण मान हलवतात, काही जण तारीख लिहून घेतात. मागणाऱ्याची मान आधी सरळ व्हावी लागते, कागद नंतर.

हवालदारांच्या फाईलमधला मंडळाचा तो कागद घड्या पडून पडून मधोमध झिजला होता. तीन डॉक्टरांच्या सह्या, गोल शिक्का, आणि रकाने. आजार सेवेमुळे उद्भवला का? नाही. सेवेमुळे वाढला का? नाही. कारण काय, तर आजार दिसला तेव्हा जवान शांतता क्षेत्रात होता. त्याच फाईलमध्ये, चार कागद अलीकडे, भरतीच्या वेळची वैद्यकीय नोंद होती. शरीर निरोगी, कोणताही विकार नाही. मी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. विशीतला धडधाकट मुलगा तुम्ही घेतलात, चोवीस वर्षांनी आजारी माणूस परत दिलात, आणि मधल्या काळाचा या आजाराशी संबंध नाही म्हणता. मग संबंध नसल्याचं कोणी दाखवायचं?

याचं उत्तर धरमवीर सिंग यांच्या खटल्यात आहे. सिग्नल कोअरमधला हा शिपाई १९८५ साली भरती झाला आणि १९९४ मध्ये आकडीच्या आजारामुळे त्याला घरी पाठवलं गेलं. अपंगत्व २० टक्के ठरलं, पण सेवेशी संबंध नाही म्हणून पेन्शन नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी निकाल दिला: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असंच धरायचं, सेवेत बिघडलेली तब्येत सेवेमुळेच बिघडली असं मानायचं, आणि तसं नसेल तर ते सिद्ध करण्याचा भार सरकारवर. शंकेचा फायदा सैनिकाला. नोकरी नऊ वर्षांची आणि कज्जा त्यानंतरच्या एकोणीस वर्षांचा. पण त्या एका शिपायाने हट्ट धरला म्हणून आज नांदुऱ्याच्या हवालदारासाठी मला चार पानांत युक्तिवाद मांडता येतो. पुढे १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालाने आणखी एक गोष्ट मोकळी केली. पूर्ण मुदत भरून निवृत्त झालेल्यांनाही टक्केवारी वरच्या टप्प्यात धरण्याचा लाभ मिळाला. २० ते ४९ टक्के अपंगत्व असेल तर ते ५० धरायचं. म्हणजे हवालदारांच्या ३० टक्क्यांचे पन्नास झाले.

पण नऊ वर्षं गेली होती. तरसेम सिंग यांच्या २००८ च्या निकालाने सांगितलं की दरमहाची पेन्शन नाकारणं हा दरमहा नव्याने होणारा अन्याय आहे, म्हणून उशिरा आलेल्यालाही दार बंद होत नाही. थकबाकी मात्र अर्ज करण्याआधीच्या तीनच वर्षांची. हवालदारांची सहा वर्षांची रक्कम गेली ती गेली. कोणी खाल्ली नाही, कोणी लाच मागितली नाही. ती ट्रंकेतल्या घडीत विरून गेली. हे सांगताना माझ्या घशाशी आलं होतं. ते मात्र शांतपणे म्हणाले, "तीन तं तीन." या समजूतदारपणाचा मला फार त्रास होतो. असा माणूस जरा ओरडला असता तर बरं झालं असतं.

नव्या फायलींना हे सगळं जसंच्या तसं लागू नाही. २१ सप्टेंबर २०२३ पासून अपंगत्वाच्या लाभांचे नवे नियम आले आहेत आणि त्यानंतर फौज सोडणाऱ्यांना त्या नियमांशी झुंजावं लागणार आहे. म्हणून तारीख पाहिल्याशिवाय कोणालाही शब्द देऊ नये.

बाहेरच्या माणसाला वाटेल, निकाल इतके स्पष्ट असताना अडतं कुठे? त्याने एकदा आमच्या जिल्ह्याचा नकाशा पाहावा. तेरा तालुके, त्यांतले काही घाटावर, काही घाटाखाली. बुलढाणा शहराला रेल्वे नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपूर तालुक्यातल्या माणसाला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात यायचं म्हटलं की दिवस मोडतो. त्याचं रेकॉर्ड ऑफिस जिल्ह्यात नाही, ते पलटणीप्रमाणे पसरलेलं. मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, गार्ड्सचं कामठीला. पेन्शन मंजूर करणारं कार्यालय प्रयागराजला. आणि न्याय मागायचा तो मुंबईत. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा २००७ चा, काम सुरू झालं ऑगस्ट २००९ मध्ये, आणि महाराष्ट्र, गुजरात, गोवा मिळून त्याचं खंडपीठ मुंबईला. त्याआधी सैनिकाला उच्च न्यायालयाच्या रांगेत उभं राहावं लागे, तेव्हा हे न्यायाधिकरण आलं हे चांगलंच झालं. पण राजूर घाट उतरून मलकापूर गाठायचं, रात्रीची विदर्भ एक्सप्रेस पकडायची, सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून तोंड धुवायचं आणि अकराच्या आत पोचायचं, हे साठी ओलांडलेल्या आजारी माणसासाठी सोपं नाही. तिथे उभे राहणारे वकील वेगळे असतात. आमच्यासारख्यांचं काम इथे, कागद जुळवण्याचं. माझ्या अनुभवात निम्मा खटला त्या जुळवणीतच जिंकला किंवा हरला जातो.

विधवांच्या फायलींत तर फक्त जुळवणीच असते. मेहकरकडच्या एका आजींचे यजमान गेले आणि कुटुंब पेन्शन अडली. लग्नानंतर यजमानांनी पलटणीत कळवलेलं नाव सासरी ठेवलेलं होतं. आधारवर माहेरचं नाव. रेकॉर्डातलं स्पेलिंग कोण्या परप्रांतीय कारकुनाने कानावर पडेल तसं लिहिलेलं, जन्मतारीख अंदाजाने १ जुलै. आजी हातातली पिशवी घट्ट धरून म्हणाल्या, "मी तीच हाय बाई. चाळीस वर्सं त्याह्यच्या घरी कोन होतं मंग?" शाळेचा दाखला नव्हता, त्या शाळेत गेल्याच नव्हत्या. ग्रामपंचायतीचा दाखला, दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र, रेशनकार्ड, मुलांच्या जन्माच्या नोंदी, आणि यजमानांनी सीमेवरून धाडलेली मनीऑर्डरची एक पावती, हे सगळं एकत्र बांधलं. पावतीवर पैसे घेणारीचा अंगठा होता. कायदेशीर पुरावा म्हणून तिचं वजन किती, ते मला माहीत आहे. तरी मी ती फाईलमध्ये सर्वांत वर लावली.

आणि जो अजून सेवेत आहे त्याचं काय? तो लडाखला असताना इकडे भाऊबंद बांध कोरतात, वाटणीचा दावा टाकतात, समन्स घरी येऊन पडतं. यासाठी फार जुनी सोय आहे आणि ती फारच थोड्यांना ठाऊक आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला अठ्ठाविसावा आदेश सांगतो की रजा मिळत नसेल तर सैनिकाने कोणालाही लेखी अधिकार द्यावा, तो त्याच्या जागी दावा चालवील. १९२५ सालचा इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट त्याच्याही पुढे जातो. जवान युद्धाच्या किंवा विशेष परिस्थितीत तैनात असेल तर त्याच्या माघारी दावा पुढे रेटू नये, अशी त्याची तरतूद. इंग्रजांनी स्वतःच्या गरजेपोटी केलेला कायदा, पण आपल्या मुलांच्या उपयोगी पडतो. गावातल्या प्रत्येक फौजीच्या घरात भिंतीवर लावून ठेवावा असा आहे.

बुलढाण्यात बसून या विषयावर लिहायचं आणि पिंपळगाव सराईचं नाव घ्यायचं नाही, हे होऊ शकत नाही. सैलानीबाबांच्या यात्रेमुळे त्या गावाला गर्दी नवी नाही. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथे जमलेली गर्दी वेगळी होती. अग्निवीर अक्षय लक्ष्मण गवते सियाचीनवर कर्तव्य बजावताना गेला. कारवाईच्या कर्तव्यावर प्राण गेलेला देशातला तो पहिला अग्निवीर. भरती होऊन वर्षही झालं नव्हतं. त्याची चिता विझली नव्हती तोवर दिल्लीत वाद पेटला की अग्निवीराच्या कुटुंबाला पेन्शन नाही. लष्कराने रकमांचा तपशील जाहीर केला: ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान, सेवानिधी, अग्निवीराच्या चार वर्षांच्या सेवेपैकी उरलेल्या काळाचं तेरा लाखांहून अधिक वेतन, युद्धहानी निधीतून आठ लाख. पुढे जुलै २०२४ मध्ये संसदेत हाच विषय पुन्हा तापला, तेव्हा वडिलांनी सांगितलं की विम्याची, केंद्राची आणि राज्याची मदत मिळाली आहे. घरातल्या मुलीला नोकरी मिळावी, एवढी त्यांची मागणी होती.

मी त्या वडिलांचं म्हणणं तेव्हा वृत्तपत्रात वाचलं आणि बराच वेळ त्यावर थांबले. त्यांनी आरोप केला नाही, मिळालेलं नाकारलं नाही. मिळालं ते मिळालं म्हणून सांगितलं आणि उरलं ते मागितलं. याहून प्रामाणिक अर्ज मी पाहिलेला नाही. रक्कम मोठी आहे, हे मान्य. पण त्याच बर्फात, त्याच चौकीवर नियमित भरतीचा जवान गेला असता तर त्याच्या माघारी घरात दरमहा पेन्शन येत राहिली असती. दोघांचं कर्तव्य एक, दोघांच्या पार्थिवावरचा तिरंगा एक, आणि घरी येणारा कागद मात्र वेगळा. एकरकमी पैसा घर बांधतो, कर्ज फेडतो. सत्तरीतल्या आईच्या औषधाला दर महिन्याच्या एक तारखेला जो पैसा लागतो, त्याची हमी तो देत नाही. मला हा भेद पटत नाही आणि तो कायम राहावा असं सांगणारं एकही कारण मला पुरेसं वाटलेलं नाही. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनेही अग्निवीरांच्या कुटुंबांना नियमित जवानांसारखेच लाभ द्यावेत असं २०२४ साली सुचवलं. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी पूंछमध्ये गेलेला अग्निवीर मुरली नाईक, त्याच्या आईने याच भेदाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आहे. तिच्या याचिकेत पिंपळगाव सराईचा उल्लेख असो वा नसो, ती याचिका पिंपळगाव सराईचीही आहे.

या जिल्ह्याला आणखी एक तारीख विसरता येत नाही. १४ फेब्रुवारी २०१९, पुलवामा. मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड, दोघंही केंद्रीय राखीव पोलीस दलाचे. गावाच्या लेखी ते सैनिकच. फलकावर तसंच लिहिलेलं असतं आणि ते योग्यच आहे. पण कायद्याच्या लेखी ते गृह खात्याचे. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं दार त्यांच्या दलाला नाही, पेन्शनचे नियम निराळे. केंद्रीय दलांतल्या जवानांना जुनी पेन्शन द्यावी असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२३ रोजी दिला, पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. अशा घरातलं कोणी आलं की आधी एवढंच विचारावं लागतं, दल कोणतं? चुकीच्या दाराशी वर्ष घालवलं तर ते वर्ष परत मिळत नाही.

आणि दार योग्य असलं, निकाल बाजूने लागला, तरी सरकार अपिलात जातं. सियाचीनवर असताना आकडी येऊ लागलेल्या बिजेंदर सिंग या जवानाला १९८९ मध्ये घरी पाठवलं होतं. त्याच्या पेन्शनचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला. छत्तीस वर्षं! मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, २०१५ साली, त्यांनी खटले कमी कसे होतील हे पाहण्यासाठी पाच जणांची तज्ज्ञ समिती नेमली होती. त्यात कारगिलमध्ये पाय गमावलेले मेजर डी. पी. सिंग होते आणि सैनिकांचे खटले लढणारे वकील मेजर नवदीप सिंग होते. अपंग सैनिकांविरुद्धची अपिलं सरकारने लढवू नयेत, हे त्या समितीचं ठाम म्हणणं होतं. पर्रीकरांना हा प्रश्न समजला होता, असं मला वाटतं. ते आता नाहीत आणि अपिलं अजून होतात. गुडघ्याने, कानाने, रक्तदाबाने अधू झालेल्या माणसासमोर देशाचा वकील उभा राहून म्हणतो की याचं दुखणं आमच्यामुळे नाही. ते ऐकायला तो माणूस कधी कधी स्वतः कोर्टात बसलेला असतो.

अलीकडे एक चांगली गोष्ट झाली. २६ जुलै २०२५ रोजी, कारगिल विजय दिनी, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने श्रीनगरला वीर परिवार सहायता योजना सुरू केली. सैनिक मंडळांच्या कार्यालयांत कायदेविषयक मदत केंद्रं उघडायची आणि जवानांना, माजी सैनिकांना, त्यांच्या घरच्यांना तिथे वकील मिळवून द्यायचा, अशी ती कल्पना. योजना नवी असली तरी हक्क जुना आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे कोणत्याही स्त्रीला आणि कोणत्याही अपंग व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. म्हणजे सैनिकाच्या विधवेला मिळतो, त्याच्या आईला मिळतो, अपंगत्व घेऊन आलेल्या जवानाला मिळतो. न्यायाधिकरणापुढेही मिळतो. दाखल्यांच्या मागे धावायची गरज नाही, कोणाची चिठ्ठी लागत नाही.

तेव्हा घाटावरचे असोत की घाटाखालचे, ज्यांच्या घरात अशी एखादी ट्रंक आहे त्यांनी ती उघडावी. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ, वैद्यकीय मंडळाचा कागद, आणि नकाराचं पत्र असेल तर ते, पाकिटासकट. पाकिटावरच्या शिक्क्यावरून तारीख कळते. पत्र दहा वर्षांपूर्वीचं असलं तरी आणावं. कागद फाटला असेल तर चिकटवू नये, तसाच आणावा. सोबत मुलगी किंवा सून आली तर उत्तम, पुढची पत्रं तिलाच वाचायची असतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बुलढाण्याच्या कोर्टाच्या आवारातच आहे.